उसाच्या कांड्यातील अदृश्य सोबती

(ऊस उत्पादक शेतकऱ्यांच्या शिबिरात एका माहिती अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी शास्त्रज्ञ नाही, ही गोष्ट प्रारंभीच स्पष्ट केलेली बरी. मी कला शाखेचा पदवीधर असून शासनाची माहिती लोकांपर्यंत पोहोचविणे हे माझे काम आहे. जिवाणूंसारख्या विषयावर बोलण्याचा अधिकार मला कितपत आहे, असा प्रश्न आपल्या मनात आला तर तो गैर नाही. परंतु या विषयाशी माझा घरगुती संबंध आहे, आणि त्यात माझी स्वतःची एक चूकही गुंतलेली आहे. ती मी आपणांपासून लपविणार नाही. मात्र ती समजण्यासाठी आधी मूळ विषय समजून घेतला पाहिजे.

आडसाली लागणीचा हंगाम तोंडावर आला आहे. आपणांपैकी अनेकांनी बेणे पाहून ठेवले असेल, खतांची जुळवाजुळव सुरू केली असेल. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. सगळे नत्र युरियातून द्यायचे म्हटले तर, युरियात नत्र ४६ टक्के असल्याने, सुमारे ८७० किलो युरिया लागतो. म्हणजे ४५ किलोची १९ पोती झाली. एवढे खत विकत घ्यायचे, वाहून आणायचे आणि मातीत घालायचे. त्यातील बराच भाग हवेत उडून जातो किंवा पाण्याबरोबर खाली झिरपतो. पिकाला त्यातील निम्माही अनेकदा लागू पडत नाही. झिरपलेले नत्र विहिरीच्या पाण्यात उतरते, आणि तेच पाणी आपण पितो.

आणि गंमत अशी, की ज्या नत्रासाठी आपण एवढा खर्च करतो, त्याच नत्राच्या महासागरात आपला ऊस उभा असतो. हवेचा ७८ टक्के भाग नत्रवायूचा आहे. एक हेक्टर शेतावरील हवेच्या स्तंभात सुमारे ७८ हजार टन नत्र असते. पण या वायूचे दोन अणू एकमेकांना इतक्या घट्ट मिठीत धरून असतात की, कोणत्याही पिकाला ती मिठी सोडविता येत नाही. खताच्या कारखान्यात ती सोडविण्यासाठी प्रचंड उष्णता आणि दाब लागतो. निसर्गात हे काम मुख्यतः काही सूक्ष्म जीव करतात, आणि तेही साध्या तापमानात, विनाखटपट.

शंभर वर्षांचे अंतर

हरभरा, तूर, भुईमूग यांच्या मुळांवरील गाठी आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. त्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र बांधून पिकाला देतात. डच शास्त्रज्ञ बेयरिंक यांनी हे गाठींतील जिवाणू १८८८ साली वेगळे करून दाखविले. कडधान्याच्या फेरपालटाने जमीन सुधारते, हे आपल्या वाडवडिलांना अनुभवाने ठाऊक होते. त्यामागचे कारण तेव्हा उलगडले.

परंतु ऊस हे गवताच्या कुळातील पीक. त्याच्या मुळांवर गाठी येत नाहीत. त्यामुळे उसाला हवेतील नत्र मिळण्याचा मार्गच नाही, असे दीर्घकाळ मानले गेले. या समजुतीला धक्का देणारी गोष्ट आपल्याप्रमाणेच उसावर जगणाऱ्या एका देशात, ब्राझीलमध्ये घडली, आणि ती घडविणाऱ्यांत अग्रेसर होत्या एक महिला शास्त्रज्ञ.

त्यांचे नाव योहाना डोबेराइनर. जन्म १९२४ सालचा, तत्कालीन चेकोस्लोव्हाकियातला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांना आपले घरदार सोडावे लागले. जर्मनीत त्यांनी शेतांवर मजुरी केली, पुढे शेतीशास्त्राचे शिक्षण घेतले आणि नंतर त्या ब्राझीलमध्ये स्थायिक झाल्या. १९५६ साली त्यांनी त्या देशाचे नागरिकत्व स्वीकारले. रिओ द जानेरोजवळील सेरोपेडिका येथील संशोधन केंद्रात त्यांनी आपले अवघे आयुष्य मातीतील जिवाणूंच्या अभ्यासात घालविले. सन २००० मध्ये त्यांचे निधन झाले. ब्राझीलमधील सोयाबीन नत्रखतावर न वाढविता जिवाणूंच्या आधारे वाढवावे, हा त्यांचा आग्रह होता. तो पुढे मान्य झाला आणि त्या देशाचा खतावरील फार मोठा खर्च वाचला.

ब्राझीलमधील उसाच्या शेतांत त्यांना एक गोष्ट खटकत होती. तेथे हेक्टरी नत्राची मात्रा आपल्या मानाने पुष्कळच कमी असे. तरीही त्याच जमिनीतून वर्षानुवर्षे ऊस निघत होता आणि जमिनीतील नत्राचा साठा अपेक्षेइतका घटत नव्हता. जमाखर्चाच्या वहीत खर्च दिसतो, जमा दिसत नाही आणि तरी शिल्लक राहते, तेव्हा कोणीतरी गुपचूप भरणा करीत आहे असे समजावे. हा गुपचूप भरणा करणारा कोण, याचा शोध त्यांनी घेतला.

त्यांनी व त्यांचे सहकारी कॅव्हलकांटे यांनी एक युक्ती योजिली. नत्र अजिबात नसलेले, पण १० टक्के साखर आणि थोडा उसाचा रस असलेले खाद्य त्यांनी तयार केले. त्यात उसाच्या मुळांचा व खोडाचा रस मिसळून ठेवला. जो जीव भरपूर साखरेत राहू शकतो आणि हवेतून नत्र घेऊ शकतो, तोच अशा खाद्यात वाढणार. काही दिवसांनी त्यावर पिवळ्या-नारिंगी रंगाची जाड साय धरली. या सायीत एक नवा जिवाणू होता. हे संशोधन १९८८ साली, म्हणजे बेयरिंक यांच्या शोधानंतर बरोबर शंभर वर्षांनी प्रसिद्ध झाले. फळांच्या रसाचा शिरका करणाऱ्या जिवाणूंच्या कुळातील हा जीव असल्याने त्याला अ‍ॅसिटोबॅक्टर हे नाव मिळाले. शास्त्रज्ञांनी पुढे ते बदलून ग्लुकोनअ‍ॅसिटोबॅक्टर केले. आपल्याकडे मात्र जुनेच नाव रूढ आहे.

पाहुणा नव्हे, घरचाच

या जिवाणूचे वैशिष्ट्य हे की, तो मातीत फारसा राहत नाही. तो उसाच्या आत राहतो. मुळांत, खोडात आणि पानांत, पेशींच्या मधल्या बारीक फटींत व पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांत त्याचे वास्तव्य असते. अशा जिवाणूंना अंतर्वासी जिवाणू असे म्हणता येईल. रोगाचे जंतूही वनस्पतीच्या आत शिरतात, पण ते पेशी नासवितात. हा जिवाणू तसे करीत नाही. एका ग्रॅम उसात त्यांची संख्या काही हजारांपासून काही दशलक्षांपर्यंत असू शकते.

एका शिबिरात एका वयस्कर भगिनीने मला विचारले होते, "साहेब, साखरेत राहतो म्हंजे साखर खातोच की. मग उतारा कमी न्हाई का व्हायचा?" प्रश्न अगदी रास्त होता. हा जिवाणू साखर घेतो, हे खरे आहे. उसातील साखर त्याला जशीच्या तशी खाता येत नाही. तो एक पाचक रस बाहेर सोडून तिचे तुकडे करतो आणि मग ते घेतो. परंतु एका ग्रॅम उसात दहा लाख जिवाणू असले, तरी त्या सर्वांचे मिळून वजन एका मिलिग्रॅमचा हजारावा भाग एवढेच भरते. एवढ्या लहान पाहुण्याने घरातील साखरेचा डबा रिकामा होत नाही. उलट नत्रखत गरजेपेक्षा जास्त झाले, तर ऊस लुसलुशीत होऊन लोळतो आणि रसाची प्रत उतरते, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे.

या साखरेच्या मोबदल्यात तो काय देतो? पहिली गोष्ट, हवेतील नत्र बांधून देतो. दुसरी गोष्ट, वाढीला चालना देणारी संप्रेरके तयार करतो. त्यांमुळे मुळांची वाढ चांगली होते आणि मुळे अधिक पाणी व अन्न शोषून घेतात. या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत, हे अ‍ॅरिझोना विद्यापीठातील संशोधकांच्या एका प्रयोगातून फार चांगले कळते. त्यांनी नत्र बांधण्याची शक्ती नसलेले असे जिवाणू मुद्दाम तयार केले. काही रोपांना मूळचे जिवाणू दिले, काहींना हे दुबळे जिवाणू दिले. नत्र कमी असलेल्या ठिकाणी मूळच्या जिवाणूंची रोपे सरस ठरली. म्हणजे नत्र खरोखरच मिळत होते. परंतु नत्र भरपूर असलेल्या ठिकाणी दोन्ही प्रकारच्या जिवाणूंनी रोपांची वाढ सुधारली. म्हणजे नत्राखेरीज आणखीही काहीतरी मिळत होते. हे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले.

नत्राचा हा हिस्सा केवढा असतो? ब्राझीलमध्ये मोठ्या टाक्यांत माती भरून, तीन वर्षे निरनिराळे वाण वाढवून त्याचे मोजमाप करण्यात आले. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात काही वाणांनी आपल्या गरजेच्या ६० टक्के वा त्याहून अधिक नत्र हवेतून मिळविल्याचे दिसले. काही वाणांचा हिस्सा मात्र बराच कमी होता. हे सर्व काम एकट्या अ‍ॅसिटोबॅक्टरचे आहे असेही नव्हे. उसात इतरही काही अंतर्वासी जिवाणू राहतात. ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिकेतील मोजमापांत एवढा मोठा वाटा आढळला नाही. तेव्हा हा आकडा म्हणजे हमी नव्हे. वाण, जमीन आणि आपली खते देण्याची पद्धत यांवर तो अवलंबून आहे. पैकी शेवटची गोष्ट आपल्या हातात आहे, आणि माझी कहाणी नेमकी तेथूनच सुरू होते.

एका पत्रकाची गोष्ट

काही वर्षांपूर्वी ऊसशेतीविषयीचे एक माहितीपत्रक तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. तज्ज्ञांनी दिलेला मजकूर सविस्तर होता. पत्रक मात्र एका पानाचे काढायचे होते आणि त्यात एक छायाचित्रही बसवायचे होते. मजकूर कमी करणे भाग होते. "अ‍ॅसिटोबॅक्टरची बेणेप्रक्रिया करा, निम्मे नत्र वाचवा" ही ओळ मी ठळक अक्षरांत ठेवली. तिच्याखाली लहान अक्षरांत चार सूचना होत्या. जागेअभावी त्या मी काढून टाकल्या. त्या वेळी त्यात काही वावगे वाटले नाही.

ते पत्रक मी माझ्या थोरल्या भावाला दिले. दादा गावी दोन एकर ऊस करतात. धाकट्या भावाने लिहिलेले म्हणून त्यांनी विश्वासाने जिवाणूंची पुडकी आणली आणि बेणेप्रक्रिया केली. ऊस तुटला तेव्हा पूर्वीपेक्षा काहीही फरक नव्हता. पुडक्यांचे पैसे वाया गेले होते. मी सुटीत घरी गेलो, तेव्हा दादांनी देवळीतून ते पत्रक काढून माझ्यापुढे धरले आणि शांतपणे म्हणाले, "हे तूच लिवलंयस न्हवं? मग हितं काय झालं ते पन लिव."

त्या वाक्याने मी वरमलो. मग आम्ही दोघांनी बसून काय काय केले त्याची उजळणी केली. पुडकी उन्हाळ्यात पत्र्याच्या खोपटात महिनाभर पडून होती. बेणे बुडविताना बुरशीनाशक, कीटकनाशक आणि जिवाणू हे सगळे एकाच पिंपात कालविले होते. आणि जोखीम नको म्हणून युरिया नेहमीइतकाच दिला होता. मी कार्यालयात परत येऊन तज्ज्ञांचा मूळ मजकूर काढून पाहिला. मी गाळलेल्या त्या चार सूचना नेमक्या याच गोष्टींविषयी होत्या.

अर्धी माहिती ही कमी माहिती नसते. ती चुकीची माहिती असते. दादांचे नुकसान जिवाणूंनी केले नव्हते. ते माझ्या कात्रीने केले होते. म्हणूनच आज त्या चार सूचना मी आपणांस एकही शब्द न गाळता सांगणार आहे.

चार गोष्टी

पहिली. हे खत जिवंत आहे. युरियाचे पोते वर्षभर ठेवले तरी त्यातील नत्र तेवढेच राहते; जिवाणूंच्या पुडक्याचे तसे नाही. उन्हात, पत्र्याखाली, तापलेल्या गाडीत ते ठेवले, तर आतील जीव मरतात आणि आपण केवळ भुकटीचे पैसे देतो. पुडके सावलीत, थंड जागी ठेवावे आणि त्यावरील अंतिम तारीख पाहूनच घ्यावे. २००६ साली जिवाणू खतांचा समावेश खत नियंत्रण आदेशात झाला. भुकटीरूप खताच्या एका ग्रॅममध्ये किमान पाच कोटी जिवंत जिवाणू असावेत, असा त्यातील दंडक आहे. पावती घ्यावी आणि ती जपून ठेवावी. तक्रार करण्याचा आपला हक्क त्या पावतीत असतो.

दुसरी. रसायने आणि जिवाणू एकाच द्रावणात कधीही मिसळू नयेत. प्रथम बुरशीनाशक व कीटकनाशकाच्या द्रावणात टिपरी १० ते १५ मिनिटे बुडवावीत. ती निथळून सावलीत सुकू द्यावीत. त्यानंतर हेक्टरी १० किलो अ‍ॅसिटोबॅक्टर आणि सव्वा किलो स्फुरद विरघळविणारे जिवाणू १०० लिटर पाण्यात मिसळून त्यात टिपरी ३० मिनिटे बुडवावीत आणि लगेच लागण करावी. द्रवरूप जिवाणू घेतले असतील, तर त्यांची मात्रा बाटलीवरील सूचनेप्रमाणे ठेवावी.

तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची. जिवाणू देऊन युरियाही पूर्वीइतकाच दिला, तर सारे व्यर्थ आहे. भरपूर नत्रखत दिलेल्या उसात या जिवाणूंची संख्या घटते, असे मेक्सिकोत आणि आपल्या देशातही झालेल्या अभ्यासांत आढळले आहे. ज्या घरी रोज पंगत उठते, तेथे शिदोरी घेऊन येणाऱ्याची कदर कोण करणार? बेणेप्रक्रिया केलेल्या उसात निम्म्यापर्यंत नत्र वाचविता येते, अशी कृषी विद्यापीठाची शिफारस आहे. आडसाली उसात निम्मे नत्र म्हणजे हेक्टरी २०० किलो, म्हणजेच सुमारे ४३५ किलो युरिया होतो.

चौथी. हा जिवाणू बेण्यातून पुढे जातो. टिपरी लावली की तिच्यातील सोबतीही नव्या उसात जातो. म्हणून बेणेमळ्यापासूनच काळजी घ्यावी. ऊतिसंवर्धित रोपे निर्जंतुक बाटलीत वाढलेली असल्याने त्यांच्यात हा सोबती नसण्याचीच शक्यता अधिक. त्यांना तो बाहेरून देणे विशेष अगत्याचे आहे.

आपल्या शेतात, आपल्या डोळ्यांनी

आता आपण म्हणाल, एवढे सगळे ऐकून एकदम निम्मा युरिया कमी करायचा आणि ऊस बसला तर भरपाई कोण देणार? ही भीती मला मान्य आहे. वर्ष-दीड वर्ष उभ्या राहणाऱ्या पिकावर घराचा संसार, मुलांचे शिक्षण आणि सोसायटीचे कर्ज अवलंबून असते. त्यावर कोणाच्याही भाषणाच्या भरवशावर जुगार खेळू नये, माझ्या तर नाहीच नाही.

यावरचा मार्ग दादांनीच काढला. दुसऱ्या लागणीच्या वेळी त्यांनी सगळ्या शेतावर प्रयोग केला नाही. एका बाजूच्या सहा सऱ्यांत ताजे जिवाणू वापरून रीतसर बेणेप्रक्रिया केली आणि युरिया निम्मा दिला. त्यांच्या शेजारच्या सहा सऱ्या नेहमीसारख्या ठेवल्या. वाण एक, पाणी एक, लागणीचा दिवसही एकच. मोठ्या बांधणीच्या सुमारास जिवाणूंच्या सऱ्यांतील पाला किंचित फिकट दिसला, तेव्हा त्यांचा हात युरियाच्या पोत्याकडे वळला होता, असे ते सांगतात. पण त्यांनी तो आवरला. तोडणीच्या वेळी दोन्ही भागांतील मोळ्या वेगवेगळ्या मोजल्या आणि वजन केले. दोन्हीकडील वजनात सांगण्यासारखा फरक निघाला नाही.

"मंग काय झालं?" असे शेजाऱ्यांनी विचारले, तेव्हा दादा म्हणाले, "ऊस तेवढाच. पोती निम्मी." यापेक्षा चांगला अहवाल मला माझ्या सबंध नोकरीत लिहिता आलेला नाही. एका शेतावरचा एक हंगाम हा काही शास्त्रीय पुरावा नव्हे, हे मी जाणतो. परंतु प्रत्येकाने आपल्या शेतात अशा सहा सऱ्या राखल्या, तर त्या जमिनीपुरता आणि त्या वाणापुरता खरा निकाल त्याला स्वतःला मिळेल. निकाल चांगला आला तर पुढल्या वर्षी क्षेत्र वाढवावे. तो आला नाही, तर तोटा सहा सऱ्यांपुरताच राहील, आणि कारण शोधायला आपण कृषी खात्याच्या कर्मचाऱ्याला शेतावर बोलावू शकाल.

आपल्या राज्याला ऊससंशोधनाची मोठी परंपरा आहे. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ सालापासून काम करीत आहे. शेतकऱ्यांच्या सहकारातून १९७५ साली स्थापन झालेली आणि आता वसंतदादांच्या नावाने ओळखली जाणारी मांजरीची साखर संस्था ही तर आपलीच आहे. तेथील माहिती, बेणे आणि जिवाणू यांचा आपण लाभ घ्यावा. मात्र कोणतीही माहिती घेताना तिची लहान अक्षरेही वाचावीत, आणि ती छापलेली नसतील तर मागून घ्यावीत. ती देणे आमचे कर्तव्य आहे.

हवेत नत्र आहे, उसात साखर आहे आणि या दोहोंची गाठ घालून देणारा सोबती कांड्यातच राहावयास तयार आहे. त्याला ऊन लागू न देणे, विषात न बुडविणे आणि पोत्याखाली न चिरडणे एवढेच आपणांस करावयाचे आहे. ते पत्रक आता दुरुस्त होऊन दोन पानांचे झाले आहे. छायाचित्र काढून टाकले, चार सूचना परत आल्या. त्याची पहिली प्रत दादांच्या देवळीत आहे. बाकीच्या प्रती बाहेर टेबलावर ठेवल्या आहेत. जाताना प्रत्येकाने एक अवश्य घेऊन जावी.